कारणाचा रकाना

सोमवार, ९ फेब्रुवारी

आज सकाळी सकाळी कॉलिन बिब्बी रजा मागायला आला. आमच्याच पक्षाचा, पहिल्यांदा निवडून आलेला, वय एकतीस. गुरुवारी लग्नाला पाच वर्षं होतात म्हणे, बायकोला बाहेर न्यायचंय. चिठ्ठी नीट भरली होती. नाव, तारीख, समोरच्या पक्षातल्या जोडीदाराचं नाव. 'कारण' या रकान्यात एकच शब्द होता. जेवण.

मी चिठ्ठी परत दिली. म्हटलं, जेवण हे कारण नाही. जेवण सगळेच करतात.

"मास्तरीणबाई, मग काय लिहू? उपास?"

मास्तरीणबाई हे माझं इथलं, लंडनच्या संसदेतलं नाव. मी पक्षाची प्रतोद आहे, म्हणजे आपली माणसं मतदानाच्या वेळी सभागृहात हाकून आणायची हे माझं काम. तीस वर्षांपूर्वी गिरणीत माग चालवायचे तेव्हा तुटलेला धागा शोधायचे, आता गैरहजर खासदार शोधते. आमचं सरकार सध्या एक-दोन मतांवर तगून आहे. कुणी न्हाव्याकडे अडकला तरी सरकार गडगडेल. म्हणून रजा हवी असेल तर समोरच्या पक्षातलाही एक जण त्याच वेळी मत न देण्याचा शब्द देतो. याला आम्ही जोडी म्हणतो. हा नाही तर तोही नाही, पारडी सारखी. हे कुठल्या कायद्यात नाही, नियमांच्या पुस्तकात नाही. नुसत्या शब्दावर चालतं. आमच्या बाजूची वही माझ्याकडे, समोरच्यांची मेजर स्ट्रिंजरकडे. रोज संध्याकाळी आम्ही दोघं वह्या ताडून बघतो.

जाताना बिब्बी म्हणाला, "तुम्ही कधी कुणाबरोबर जेवायला गेला नाहीत वाटतं."

मी म्हटलं, वेळ कुठे असतो. हे खरंच आहे. तरी दिवसभर ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

बिब्बी हजर होता. तोंड पाडून बसला होता, पण होता.

केरिसननी माझ्या टपालाच्या खणात सफरचंदांची पिशवी ठेवली. ऑब्री केरिसन, समोरच्या पक्षाचे, नॉरफोकचे शेतकरी, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. प्रतोदालाही जोडीदार लागतो. माझे ते आहेत, अकरा वर्षं झाली. प्रत्येक फळ वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेलं असतं. ऑक्टोबरात माळ्यावर पेंढ्यात ठेवतात, फेब्रुवारीपर्यंत पुरवतात.

दालनात भेटले तेव्हा म्हणाले, "यंदाची जरा सुरकुतलीत, मिस ऑर्मरॉड. पण आतून गोड आहेत." मी आभार मानले. मग मतदानाची घंटा झाली, ते नकाराच्या दाराकडे गेले आणि मी होकाराच्या. इथे मत म्हणजे त्या त्या दारातून आत जाणं. आणखी काहीतरी बोलता आलं असतं. सुचलं ते जिन्यावर.

वहीतलं आमचं पान आज उगाच चाळलं. त्यांच्या कारणाच्या रकान्यात: मेंढ्या. सफरचंदं. मेंढ्या. दात. पूर. मेंढ्या. माझा रकाना कोरा. त्यांना सुट्टी मिळाली की मला आपोआप मिळते, मला कारण लागत नाही. ते पूर्वेच्या गाडीत बसतात, मी खोलीवर येऊन मोजे धुते. नॉरफोकला पाऊस आहे का ते पेपरात बघते. शेतकऱ्याची सुट्टी पावसात वाया जाऊ नये, एवढंच.

गंमत म्हणजे दोघं एकाच दिवशी मोकळे असून अकरा वर्षांत एक कप चहासुद्धा एकत्र घेतलेला नाही. इथे जेवणाच्या दालनात त्यांची टेबलं वेगळी, आमची वेगळी. कुणी फळी लावलेली नाही, पण कुणी ओलांडतही नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

केरिसन चिठ्ठी घेऊन आले. दोन आठवडे. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, हृदय.

मी नेहमीच्या सवयीने म्हणून गेले, "हे कारण झालं की अवयव?"

ते हसले आणि हसता हसता त्यांनी टेबलाची कड धरली. तेव्हा मी वर बघितलं. ओठ निळसर होते. नॉरिचच्या इस्पितळात उद्या भरती व्हायचंय, डॉक्टरने बजावलंय की दोन मार्चपर्यंत लंडनचं नाव काढायचं नाही. मी त्यांना बसायला खुर्ची दिली नाही. सुचलंच नाही. सही केली, एक प्रत त्यांना, एक मेजरच्या वहीसाठी, एक माझ्या.

"म्हणजे दोन आठवडे तुम्हालाही मत देता येणार नाही. कंटाळाल."

मी म्हटलं, "तुम्ही बरे व्हा. मी शब्द दिला म्हणजे दिला."

रेल्वेचं वेळापत्रक काढून बघितलं. नॉरिचला दर दोन तासांनी गाडी आहे. मला तिकडे काही काम नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

धुळीचं विधेयक मंगळवारी शेवटच्या मतदानाला येतंय. कापडगिरण्यांत धुळीने छाती गेलेल्यांना भरपाई. सहा वर्षं यासाठी धडपडतेय. माझी धाकटी बहीण विनी पंचवीस वर्षं पिंजण खात्यात होती. तिथे सोमवारी सकाळी सगळ्यांना दम लागायचा, मालक म्हणायचे रविवारची दारू. विनीने आयुष्यात दारू घेतली नाही.

आमचे मुख्य प्रतोद गिलख्रिस्ट, ग्लासगोचे, बोलायला तुसडे पण हिशेबाला पक्के. त्यांनी दुपारी दार लावून नावं मोजली. एक आजारी रुग्णवाहिकेतून आवारात आणायचा, आवारात असला की मत धरतात, एकाला पोर्तुगालमधून बोलवायचं. सगळं जमून आलं तर दोनशे शहाऐंशी विरुद्ध दोनशे शहाऐंशी. बरोबरी झाली तर सभापती जुन्या रिवाजाने नाही म्हणणार. बरोबरी म्हणजे पडलं.

गिलख्रिस्ट माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, माझी जोडी लागलेली आहे, मला धरू नका.

ते म्हणाले, "धरलेलं नाही. म्हणून तर बरोबरी होतेय."

रविवार, २२ फेब्रुवारी, कॉल्डरशॉ

घरी आले. विनीच्या जिन्याला चौदा पायऱ्या. दिवाळखोर फुप्फुसं घेऊन ती तीनदा थांबते. आज चारदा थांबली. मी मागून चढत होते आणि मोजत नसल्याचं सोंग करत होते.

मंगळवारी खात्यातल्या बायका बसने लंडनला येणार आहेत, वरच्या सज्जात बसून बघायला. विनीही येणार. मी म्हटलं, एवढा प्रवास कशाला. ती म्हणाली, "पंचवीस वर्षं धूळ फुकट खाल्ली गं. एक दिवस तमाशा फुकट बघू दे."

तिला सांगणार होते की माझ्या एका मतावर ते अडलंय आणि ते मत मी देऊन बसलेय. भाजी चिरता चिरता दोनदा तोंड उघडलं. तिने विचारलं असतं, कुणाला दिलंस? मग केरिसन कोण ते सांगावं लागलं असतं. ते मला नीट सांगता येईल असं वाटलं नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी

गिलख्रिस्टनी सरळच सांगितलं. उद्या तू आत जायचंस. समोरचा माणूस इस्पितळात पडलाय, तो काय धावत येणारे? चार दिवस पेपर ओरडतील, पाचव्या दिवशी मासळी बांधतील त्यात.

मी म्हटलं, मी तीनशे माणसांना या वहीच्या धाकाने बसवते. वही खोटी ठरली तर धाक कसला?

"एडिथ, तुझ्या गावच्या बायका वर बसलेल्या असतील. त्यांना काय सांगशील? एका जमीनदाराला शब्द दिला होता?"

मी वही घेऊन बाहेर पडले. एका पारड्यात विनीच्या चौदा पायऱ्या, दुसऱ्यात एक चिठ्ठी. कुठल्याही शहाण्या माणसाने चिठ्ठी फाडली असती.

दुपारी नॉरिचच्या इस्पितळात फोन केला. कचेरीचंच काम होतं, रजा वाढवणार का ते विचारायला हवं होतं. परिचारिकेने विचारलं, आपण त्यांच्या कोण? मी म्हटलं, जोडीदार. "अय्या, मग आधी सांगायचं नाही का? ते तर म्हणाले कुणी नाही," म्हणत तिने फोन थेट खाटेपाशी नेला. मी खुलासा करणार होते तोवर ते बोलायलाही लागले.

आवाज बारीक झालाय. सफरचंदं संपली का म्हणाले. मी म्हटलं, एक उरलंय. का उरलंय ते विचारलं नाही त्यांनी. मग म्हणाले, "पेपर वाचला. उद्या किती मतं पडतायत?"

"तो माझा प्रश्न आहे. तुम्ही झोपा."

"बहिणीला आणताय?"

विनीबद्दल मी त्यांना कधी सांगितलं होतं? बहुधा पुराच्या वर्षी. एकदाच. त्यांच्या लक्षात राहिलं.

मी मागितलं नाही. हे इथे स्वच्छ लिहून ठेवते. आजारी माणसाकडून शब्द परत मागायचा नसतो, आणि मी तो मागितला नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ हात तसाच त्यावर होता.

मंगळवार, २४ फेब्रुवारी, दुपारी दोन

दुसऱ्या टपालाने पाकीट आलं. आत त्यांची चिठ्ठीची प्रत, मधोमध फाडलेली, आणि इस्पितळाच्या कागदावर चार ओळी.

"मिस ऑर्मरॉड, आज तुम्ही आत जा. मी तुम्हाला मोकळं करतो. अकरा वर्षांत तुम्ही माझ्याकडे काही मागितलं नाहीत, कालही नाही. हे पत्र कुणालाही दाखवा. ऑ. के."

तीनदा वाचलं. तेव्हा कुठे पूर्ण अर्थ लागला. त्यांच्या पक्षाचा आदेश आहे विधेयक पाडायचा, कागदावर खाली तीन रेघा मारून. तीन रेघांचा आदेश मोडला तर पक्ष माणसाला दारात उभा करत नाही. आणि यांनी खाटेवर पडून शत्रूचं एक मत मोकळं केलं. हे पत्र मी मेजरला दाखवलं तर माझं नाव राहील आणि त्यांचं जाईल. न दाखवता आत गेले तर मी जोडी मोडणारी ठरेन. आमच्यात चोराला माफी आहे, दारुड्याला आहे, जोडी मोडणाऱ्याला नाही.

म्हणजे एकाचं नाव जाणारच. मग त्यात विचार कसला करायचा? ते आजारी आहेत. मी धडधाकट आहे.

पत्र उरलेल्या सफरचंदाच्या कागदात गुंडाळून पर्सच्या तळाशी ठेवलं. मोकळं करतो, असं लिहिलंय. तो शब्द वाचून खरं तर आनंद व्हायला हवा होता.

बुधवार, २५ फेब्रुवारी

काल लिहायची ताकद नव्हती.

सातला घंटा झाली. आठ मिनिटं मिळतात. मी होकाराच्या दाराशी उभी राहून आपली माणसं आत घालत होते, एकेक नाव वहीत टिपत. बिब्बी गेला, पोर्तुगालचा उन्हाने लाल झालेला गेला. पलीकडच्या दाराशी मेजर स्ट्रिंजर तेच करत होते. त्यांनी मला बघून मान हलवली, रोजच्यासारखी. दारं बंद करायची आरोळी झाली. मी वही मिटली आणि आत शिरले.

मागून मेजरचा आवाज आला, "मिस ऑर्मरॉड." एवढंच. रागही नव्हता त्यात. कुणी जिन्यावरून पडताना आपण हाक मारतो तशी हाक होती.

दोनशे सत्त्याऐंशी विरुद्ध दोनशे शहाऐंशी.

आमची बाजू उसळली. समोरून 'लाज, लाज' सुरू झालं, मग माझं नाव घेऊन. सज्जात टाळ्या वाजवायला मनाई आहे. वरून फक्त खोकला ऐकू आला, एकीचा, मग दुसरीचा, मग सगळ्यांचाच. विनीचा खोकला मी शंभरांत ओळखते.

गिलख्रिस्टनी कचेरीत ग्लास भरून पुढे केला. म्हणाले, आज तू खरी प्रतोद झालीस. मी तो तसाच ठेवून कोट घेतला. मेजर दाराबाहेर उभे होते. आपली वही उघडून त्यांनी आमचं पान मला दाखवलं. "अकरा वर्षं," ते म्हणाले. "तुमच्या शब्दावर मी माझं घर गहाण ठेवलं असतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते आवडतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पर्स हातात होती. बोटं खटक्यापर्यंत गेली, पण पर्स उघडली नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

समोरच्यांनी सगळ्या जोड्या बंद केल्या. कुणालाच रजा नाही, ना लग्नाला ना मयताला. आमचीच माणसं आता माझ्याकडे बघून बोलणं थांबवतात. बिब्बीच्या बायकोची आई आजारी आहे आणि त्याला जाता येत नाही. म्हणाला, "मला जेवायला सोडलं नाहीत, नियम म्हणून. आणि स्वतः?" वाक्य पुरं केलं नाही त्याने. पोरगा वाईट नाही.

विनीचा फोन आला. आधी भरपाईबद्दल बोलली, बायका बसमध्ये गाणी म्हणत गेल्या ते सांगितलं. मग थांबली. दम लागला म्हणून थांबली असं मला वाटलं.

"एडी, पेपरात लिहिलंय ते खरं का गं? आजारी माणसाला शब्द देऊन फिरवलास?"

मी म्हटलं, हो.

"आमच्यासाठी?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. "बाबांना नसतं आवडलं हो."

बहिणीला खरं सांगता येत नाही याहून वाईट शिक्षा कुठल्या पक्षाने शोधलेली नाही.

मंगळवार, २ मार्च

मेजर स्वतः नॉरिचला जाऊन आले. केरिसनकडून निवेदन हवं होतं, की मी दगा दिला. आजच्या पेपरात एका ओळीत आलंय: माझ्या जोडीदाराबद्दल मी बाहेरच्यांशी बोलत नाही. मेजरना काय म्हणायचं ते म्हणू दे, पण त्यांच्याच पक्षाच्या माणसाला 'बाहेरचा' म्हणणं जरा जास्तच झालं.

ती ओळ कापून ठेवली. कचेरीच्या नोंदीसाठी.

आज दोन आठवडे पुरे झाले. नियमाप्रमाणे जोडी संपली. वहीत आमच्या पानावर मलाच रेघ मारायची होती. पट्टी घेतली, शाई भरली. चहा घेऊन आल्यावर मारू असं ठरवलं. चहा घेऊन आले, मग घंटा झाली. उद्या मारीन.

शुक्रवार, ५ मार्च

त्यांचं पत्र नाही. बरोबरच आहे, मीही लिहिलेलं नाही. दोघांमध्ये टपाल गेलं हे कळलं तर कुणीही दोन अधिक दोन करील. इस्पितळातून सुटले असं मेजर कुणाला तरी सांगत होते, ते मी वही ताडायच्या टेबलाशी ऐकलं. तिथे आता आमच्यात तीनच शब्द होतात: किती, बरोबर, ठीक.

ते चिडले असतील का? साधे आभारही मानले नाहीत मी. किंवा विसरले असतील. शेतीचे दिवस आहेत, मेंढ्यांची वीण सुरू होते आता. नॉरफोकला आज ऊन आहे, वारा पश्चिमेचा.

रविवार, ७ मार्च

शेवटचं सफरचंद काढलं. एका बाजूने नरम झालंय. कापून खावं की ठेवावं, यावर चोपन्न वर्षांची बाई अर्धा तास विचार करत बसली, हे कुणाला सांगू नये.

मला त्यांची आठवण येते. लिहून टाकलं. सभागृहात रोज साडेसहाशे माणसं असतात, आणि समोरच्या तिसऱ्या बाकाच्या टोकाला एक जागा रिकामी दिसते. मी माणसं मोजते, जागा मोजत नाही. तरी ती दिसते. अकरा वर्षं आम्ही ठरवून एकाच दिवशी नाहीसे होत होतो, आणि ठरवून वेगवेगळ्या दिशांना जात होतो. एकदा जरी मी त्या स्टेशनवर गेले असते, नुसती निरोप द्यायला, तर काय बिघडलं असतं? कुणाचंही मत इकडचं तिकडे झालं नसतं.

मंगळवार, ९ मार्च

आज आले.

प्रश्नोत्तरं संपून सगळे दालनात गर्दी करून उभे होते. हातात काठी, कॉलर गळ्याभोवती सैल झालेली. त्यांच्या बाजूचे लोक पुढे झाले, कुणी पाठ थोपटली, कुणी मला ऐकू जाईल असं काही बोललं. मी आमच्या कचेरीच्या दारात वही घेऊन उभी होते. आत जावंसं वाटत होतं, पण गेले नाही. मेजरही तिथेच होते.

केरिसन सगळ्यांना ओलांडून सावकाश चालत आले. चौदा पायऱ्यांएवढं अंतर असेल. दोनदा थांबले. मग टोपी काढून म्हणाले, "मिस ऑर्मरॉड, परवा गुरुवारी मी नाही. तुमची जोडी मिळेल का?"

जोडी मोडणाऱ्याकडे जोडी मागायला कुणी जात नाही. जो जातो त्याच्या मते ती मोडलेलीच नसते. हे तिथल्या दरवानालाही कळतं.

मेजर पुढे आले. "केरिसन, जोड्या बंद आहेत. आणि यांच्याशी तर..."

"अकरा वर्षं यांनी माझी जोडी सांभाळलीय, मेजर."

"दोन आठवड्यांपूर्वीही?"

"एकदाही मोडलेली नाही."

मी मान हलवत होते, नका, नका. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मेजर मात्र बघत होते, आधी त्यांच्याकडे, मग माझ्या पर्सवर गच्च आवळलेल्या बोटांकडे. लष्करातला माणूस, त्याला उशिरा समजतं पण पुरतं समजतं. हळू आवाजात म्हणाले, "तू काय सांगतोयस, कळतंय ना तुला? पुढच्या निवडणुकीत तुला उभं करणार नाहीत."

"मी उभा राहणारच नाहीये. डॉक्टरने आधीच पाडलंय मला."

मेजरनी खिशातून पेन काढलं आणि माझ्यापुढे धरलं. म्हणाले, "प्रती तीन लागतात, मिस ऑर्मरॉड. एक माझ्या वहीला. जोड्या आजपासून सुरू." आणि जाता जाता, पाठ वळल्यावर, "माफ करा मला."

बिब्बीने तोंडाचा आ केला होता. विनीला आज फोन करीन. बाबांना आवडलं असतं की नाही, त्याचं उत्तर तिला द्यायचंय.

मी टेबलाशी बसून चिठ्ठी भरायला घेतली. या वेळी त्यांना खुर्ची दिली. नाव, नाव, तारीख. अक्षर वाकडं आलं. कारणाच्या रकान्याशी सवयीने 'मेंढ्या' लिहायला लागले.

"ते नको," ते म्हणाले. "मेंढ्या विकल्या मी."

"मग काय लिहू?"

ते काठीच्या मुठीकडे बघत म्हणाले की गुरुवारी लंडनमधलं घर आवरून कायमचं गावी जायचंय. राजीनाम्याचं बघायचं ते तिथूनच. गाडी अडीचची. त्याआधी वेळेवर पोटात काही घालायलाच हवं, तसं डॉक्टरने बजावलंय. स्टेशनसमोर मासा बरा मिळतो. फक्त एकट्याने बसून खायचा आता कंटाळा आलाय. "पण कारणं मंजूर करणं तुमच्या हातात आहे. तुम्ही फार कडक आहात असं ऐकलंय."

म्हणजे एक जेवण, आणि मग अडीचची गाडी. तेवढंच आहे. पण तेवढं आहे.

त्यांच्या नावापुढे मी लिहिलं, जेवण. मग माझ्या नावापुढचा रकाना, जो अकरा वर्षं कोरा होता, त्यातही तोच शब्द लिहिला. खाली 'मंजूर' म्हणून प्रतोदाने सही करायची असते, तिथे सही केली. आणि बिब्बीला हाक मारून सांगितलं, तुझी ती जुनी चिठ्ठी शोधून आण.